सात माणसांची मोटार : कुटुंबासाठी गाडी कशी निवडावी

एकत्र प्रवास करणे ही भारतीय कुटुंबाची जुनी रीत आहे. लग्नकार्य असो, कुलदैवताचे दर्शन असो किंवा सुटीतील आजोळची फेरी असो, घरातील सर्व माणसे एकाच वाहनातून जावीत अशी सर्वांचीच इच्छा असते. ही गरज पूर्वी बैलगाडीने भागवली, पुढे आगगाडीने आणि मोटारबसने भागवली. आज मध्यम उत्पन्नाचे अनेक कुटुंबप्रमुख त्याच गरजेपोटी सहा किंवा सात आसनांची मोटार घेण्याचा विचार करतात. घराखालोखाल सर्वांत मोठी अशी ही खरेदी असते, आणि ती बहुधा दहा-पंधरा वर्षांतून एकदाच होते. साहजिकच तीत झालेली चूक दीर्घकाळ सोसावी लागते.

अशा मोटारीला पाश्चात्त्य देशांत 'मिनीव्हॅन' म्हणतात. भारतीय व्यापारात 'एम.पी.व्ही.' किंवा 'एम.यू.व्ही.' ही नावे रूढ आहेत. नाव कोणतेही असले तरी तिचे लक्षण एकच : बाहेरून मोटारीएवढी, पण आत माणसांच्या तीन रांगा. विवेचनाच्या सोयीसाठी आपण एक काल्पनिक कुटुंब डोळ्यांसमोर ठेवू. पती, पत्नी, बारा व सहा वर्षांची दोन मुले, आजी, आजोबा आणि अधूनमधून राहावयास येणारी आत्या, अशी ही सात माणसे. त्यांनी गाडी निवडावी कशी, हा या प्रकरणाचा विषय आहे.

तीन रांगांची कल्पना कोठून आली?

माणसे व सामान एकाच डब्यात नेण्याची कल्पना जुनी आहे. १९४७ साली बेन पॉन या डच व्यापाऱ्याने फोक्सवॅगनच्या छोट्या मोटारीवर चौकोनी डबा बसवण्याचे एक साधे रेखाटन केले. १९५० पासून तशी गाडी जर्मनीत तयार होऊ लागली. तिचे इंजिन मागे होते. १९८३ च्या अखेरीस अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीने जी मिनीव्हॅन बाजारात आणली, तिच्यात इंजिन पुढे आडवे बसवून पुढचीच चाके फिरवली होती. त्यामुळे मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा दांडा गाडीच्या पोटाखालून न्यावा लागला नाही. तळ सपाट व ठेंगणा राहिला आणि पायरी न चढता आत बसता येऊ लागले. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये रेनॉची 'एस्पास' आली. आजच्या बहुतेक कुटुंबोपयोगी मोटारींचा आराखडा या दोन गाड्यांपासून सुरू होतो.

भारतातही १९८४ हेच वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी मारुतीची व्हॅन आली. पुढे तिला 'ओम्नी' हे नाव मिळाले. 'मारुती ८००' चेच ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन तिच्यात पुढील आसनांच्या खाली बसवलेले होते, आणि बाजूचे दार सरकवून उघडता येत असे. जागेच्या दृष्टीने ही रचना कमालीची काटकसरी होती. परंतु चालकाच्या गुडघ्यांपुढे पत्र्याच्या पातळ भिंतीखेरीज काहीच नव्हते. टक्कर झाल्यास तिचा आघात पचवील असा भागच पुढे नव्हता. सुरक्षिततेचे नियम कडक होत गेले आणि २०१९ साली या गाडीचे उत्पादन थांबले.

दुसरी परंपरा जीपच्या वंशातील. १९९४ मध्ये टाटांची 'सुमो' आली. सुमंत मुळगावकर यांच्या नावातील आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले, हे महाराष्ट्रातील वाचकांना ठाऊक असेलच. मजबूत स्वतंत्र चेसिस, त्यावर ठेवलेला डबा आणि मागच्या चाकांना मिळणारी शक्ती यांमुळे ती खराब रस्त्यांवर टिकून राही. पण तळ उंच होता आणि मागच्या भागात समोरासमोर तोंडे केलेली आडवी बाके होती. २००० साली आलेली टोयोटाची 'क्वालिस' ही इंडोनेशियातील 'किजांग' या गाडीवरून घेतलेली होती. २००५ मध्ये तिची जागा 'इनोव्हा'ने घेतली.

या इतिहासात एक उद्बोधक प्रसंग आहे. २००१ मध्ये मारुतीने 'व्हर्सा' ही गाडी दोन वातानुकूलन यंत्रे व इतर सुखसोयींसह बाजारात आणली. जाहिरात मोठी झाली, परंतु किंमत ग्राहकांना पटली नाही आणि खप बेताचाच राहिला. २०१० मध्ये तोच सांगाडा सोयी कमी करून, लहान इंजिन बसवून व किंमत उतरवून 'ईको' या नावाने आला आणि चांगला खपला. ग्राहक सोयींना नाही म्हणत नाही. कोणत्या सोयीसाठी किती पैसे मोजावयाचे, हे तो बारकाईने तोलतो. पुढे २०१२ मध्ये आलेल्या 'एर्टिगा'ने साध्या मोटारीसारखी चालणारी, मध्यम किमतीची सात आसनी गाडी रूढ केली. २०१९ मध्ये रेनॉची 'ट्रायबर' आणि २०२२ मध्ये कियाची 'कॅरेन्स' या पंक्तीत येऊन बसल्या.

चार मीटरची मर्यादा

भारतातील मोटारींच्या आकारावर कररचनेचा मोठा प्रभाव आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या व लहान इंजिनाच्या गाड्यांना उत्पादनशुल्कात सवलत मिळाली, आणि तेव्हापासून 'चार मीटरच्या आत' हा कारखानदारांचा मंत्र झाला. वस्तू व सेवा करातही हा भेद कायम राहिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार, लांबी ४,००० मिलिमीटरपर्यंत आणि पेट्रोल इंजिन १,२०० घनसेंटिमीटरपर्यंत (डिझेल असल्यास १,५०० पर्यंत) असेल तर कर १८ टक्के, अन्यथा ४० टक्के आहे. करापूर्वी सात लाख रुपये किमतीची गाडी घेतली, तर ती पहिल्या वर्गात ८ लाख २६ हजारांना पडेल आणि दुसऱ्या वर्गात ९ लाख ८० हजारांना. केवळ कराचा फरक दीड लाखाहून अधिक आहे.

हा फरक लक्षात घेऊन ३,९९० मिलिमीटर लांबीच्या 'ट्रायबर'मध्ये सात आसने बसवण्यात आली. तिचे इंजिनही ९९९ घनसेंटिमीटरचेच आहे. एर्टिगा सुमारे ४,३९५ मिलिमीटर लांब आहे, कॅरेन्स ४,५४० आणि इनोव्हा हायक्रॉस ४,७५५. कागदावर या चारही गाड्या सात माणसांच्या आहेत. पण चार मीटरांत इंजिन, तीन रांगा आणि सामान एवढे सारे बसवावयाचे, तर कोठे तरी काटछाट करणे भाग आहे. ती सामानाच्या जागेत होते. सातही आसने उभी असताना एर्टिगाच्या डिकीत सुमारे २०९ लिटर जागा उरते, तर ट्रायबरच्या डिकीत ८४ लिटर. ५५ × ३५ × २५ सेंटिमीटरची लहान हातबॅग सुमारे ४८ लिटर जागा व्यापते. म्हणजे सात माणसे आणि त्या आकाराच्या दोन बॅगाही एकदम मावणार नाहीत. उलट, ट्रायबरची मागची आसने काढून ठेवली तर हीच जागा ६२५ लिटर होते.

याचा अर्थ लहान गाडी वाईट असा मुळीच नाही. एरवी पाच माणसे व भरपूर सामान, आणि महिन्यातून एकदा गावातल्या गावात सात माणसे, अशी ज्यांची गरज आहे त्यांना ती अत्यंत सोयीची आहे. परंतु वर्षातून चार वेळा सात माणसांनी चार दिवसांच्या कपड्यांसह तीनशे किलोमीटर जावयाचे असेल, तर हा हिशेब खरेदीपूर्वीच मांडला पाहिजे. सी.एन.जी.वर चालणारी गाडी घेणाऱ्यांनी तर तो अधिक दक्षतेने मांडावा. कारण वायूचे सिलिंडर बहुधा डिकीतच बसवलेले असते.

तिसऱ्या रांगेत कोण बसणार?

गाडी पाहण्यासाठी शोरूममध्ये गेलेला मनुष्य प्रथम चालकाच्या आसनावर बसतो. चक्र हातात धरतो, समोरचा पडदा न्याहाळतो, गिअर चाचपतो. फार तर पत्नी दुसऱ्या रांगेत बसून पाहते. तिसऱ्या रांगेकडे विक्रेता हाताने निर्देश करतो आणि पाहणी संपते. वास्तविक, पुढील आसनांच्या बाबतीत निरनिराळ्या गाड्यांत फारसा फरक नसतो. जो काही फरक असतो तो मागे असतो. म्हणून या प्रकारच्या मोटारीची पारख मागच्या बाकावरून पुढे यावी, असा नियमच करावा.

आपल्या कुटुंबातील सातही माणसांना, निदान आजी-आजोबांना व मोठ्या मुलाला, पाहणीस न्यावे. प्रत्यक्ष प्रवासात बसतील तसे सर्वांना बसवावे. आधी चालकाने आपले आसन सोयीप्रमाणे मागेपुढे करून घ्यावे, त्यामागच्याने आपले, आणि उरलेल्या जागेत तिसऱ्या रांगेतील माणसाने बसावे. या क्रमाने बसले तरच खरी जागा कळते. मग पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे चढउतार. दुसऱ्या रांगेतील आसन दुमडून पुढे सरकते का, एका हाताने सरकते का, धरावयास कडी आहे का आणि पाय ठेवण्यास पुरेशी रुंद जागा राहते का? सांधेदुखी असलेल्या आजींना हे जमणार नसेल, तर त्या कधीच मागे बसणार नाहीत हे गृहीत धरावे. मग मागे मुले किंवा आत्याबाई बसणार, हेही आताच ठरून जाते. दुसऱ्या रांगेत दोन सुटी आसने असलेल्या सहा आसनी गाडीत मधून वाट मिळते. ज्या घरात सातवा माणूस क्वचितच येतो, तेथे ही रचना अधिक सुखाची ठरते.

दुसरी गोष्ट गुडघ्यांची. तिसऱ्या रांगेचा तळ मागच्या आसामुळे उंच येतो आणि बैठक त्या मानाने ठेंगणी राहते. परिणामी गुडघे वर येतात, मांड्यांना आधार मिळत नाही आणि सारा भार कमरेच्या टोकावर पडतो. पाच मिनिटांत हे जाणवत नाही. दोन तासांनी पाठ धरते. म्हणून शोरूममध्येही निदान पंधरा मिनिटे तेथे बसून राहावे.

तिसरी गोष्ट हवा. समोरच्या झरोक्यांतून येणारा गारवा तिसऱ्या रांगेपर्यंत फार क्षीण होऊन पोहोचतो. काही गाड्यांत मागे केवळ पंखा असतो. तो पुढचीच हवा ओढून मागे फेकतो. काहींत मागच्यासाठी वेगळी शीतनळी असते. दोहोंत पुष्कळ अंतर आहे. मे महिन्यातील नागपूर किंवा जयपूर येथील दुपारी ते चांगलेच कळते. मागच्या खिडकीची काच बहुधा उघडत नाही, हेही लक्षात असू द्यावे. ज्या मुलांना गाडी लागते त्यांचा त्रास बंद काच, मागच्या आसापलीकडील हेलकावे आणि बाहेरचे न दिसणे या तिन्ही कारणांनी वाढतो.

भार, इंजिन आणि घाट

आपल्या कुटुंबातील सात माणसांचे वजन सरासरी ६० किलो धरले तरी ४२० किलो होते. सामानाचे ६० किलो मिळवले तर ४८० किलो. सुमारे ९५० किलो वजनाच्या छोट्या गाडीवर हा भार पडला, तर एकूण वजन जवळजवळ दीडपट होते. मात्र इंजिनाची शक्ती तेवढीच राहते. विक्रेता जी चाचणीफेरी देतो तीत दोन-तीन माणसे असतात आणि रस्ता सपाट असतो. त्या फेरीत चपळ वाटलेली गाडी सिमल्याच्या किंवा उदकमंडलमच्या चढावर, सर्व माणसांसह व वातानुकूलन चालू असताना, निराळीच वाटेल. तेव्हा शक्य असल्यास सहा-सात माणसांसह चाचणीफेरी मागावी आणि जवळच्या एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा हलवून पाहावी.

भार वाढल्यावर थांबण्याचे अंतरही वाढते आणि मागील टायरांवर ताण येतो. चालकाच्या दाराजवळ चिकटवलेल्या पट्टीवर टायरमधील हवेचा दाब दोन प्रकारे लिहिलेला असतो : थोड्या माणसांसाठी आणि पूर्ण भारासाठी. सातही माणसे निघणार असतील तर दुसरा आकडा पाळावयाचा असतो. आत न मावलेले सामान टपावरच्या कॅरिअरवर चढवण्याची आपली सवय आहे. तसे करताना गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर ती अधिक कलते. टपावर किती किलो ठेवता येईल हे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत दिलेले असते. ते पाहावे, आणि जड बोजे आतच, शक्य तितके खाली ठेवावेत.

ताऱ्यांची भाषा

२०१४ पासून 'ग्लोबल एन-कॅप' या संस्थेने भारतीय बाजारातील गाड्यांच्या धडक-चाचण्या प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारताची स्वतःची 'भारत एन-कॅप' ही योजना सुरू झाली. समोरून होणाऱ्या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने एका अडथळ्यावर आदळवली जाते आणि आतील पुतळ्यांवर झालेल्या आघाताच्या मापनावरून शून्य ते पाच तारे दिले जातात. ही योजना आल्यापासून ग्राहक प्रथमच गाडीच्या बळकटपणाविषयी काही निश्चित विचारू लागला, हा मोठाच लाभ आहे.

मात्र तारे वाचताना तीन गोष्टींचे भान ठेवावे. एक, तारा हा विशिष्ट वर्षाचा व विशिष्ट निकषांचा असतो. एर्टिगाला २०१९ मध्ये तीन तारे मिळाले होते. भारतात तयार झालेल्या त्याच नावाच्या गाडीची २०२४ मध्ये आफ्रिकेच्या बाजारासाठी, अधिक कडक निकषांनी चाचणी झाली तेव्हा प्रौढांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला. ट्रायबरला २०२१ मध्ये जुन्या निकषांनी चार तारे मिळाले होते. २०२१ चे चार आणि २०२४ चा एक यांची थेट तुलना करता येणार नाही. दोन, तारा त्या नमुन्याला मिळतो ज्यात अमुक एवढ्या एअरबॅग होत्या. आपण घेतो त्या नमुन्यात त्या आहेत काय, हे विचारले पाहिजे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची असूनही क्वचितच सांगितली जाते. या चाचणीत दोन प्रौढांचे पुतळे पुढील आसनांवर बसवतात आणि दोन बालकांचे पुतळे दुसऱ्या रांगेत. तिसऱ्या रांगेत कोणीच बसलेले नसते. मागून धडक बसल्यास काय होईल हेही या ताऱ्यांवरून कळत नाही. म्हणजे, ज्या जागेसाठी आपण ही गाडी घेतो त्या जागेविषयी तारे मौन पाळतात. तेथे आपली पारख आपणच करावयास हवी.

ती अशी करावी. शेवटच्या आसनाची पाठ आणि मागचे दार यांत किती अंतर आहे ते पाहावे. धडकेचा आघात पचवण्यास तेवढीच जागा आहे. प्रत्येक आसनामागे डोक्याला आधार देणारी उशी आहे का आणि ती उंच माणसाच्या डोक्यापर्यंत येते का, ते पाहावे. प्रत्येक जागेस खांद्यावरून व कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा आहे का, आणि तो सहज बांधता येतो का, हे स्वतः बांधून पाहावे. बाजूच्या पडदा-एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचतात का, हे विक्रेत्याला विचारून त्याचे उत्तर माहितीपत्रकाशी ताडून घ्यावे. लहान मुलांचे आसन अडकवण्याच्या 'आयसोफिक्स' कड्या बहुधा दुसऱ्या रांगेतच असतात. म्हणून सहा वर्षांच्या मुलाची जागा तेथे राखून ठेवावी. जुन्या पद्धतीची, तोंडे बाजूस असलेली आडवी बाके असलेली गाडी कुटुंबासाठी घेऊ नये. समोरून धडक बसली असता त्या बाकावरील माणूस कुशीवर फेकला जातो आणि तेथे पट्टाही पुरेसे संरक्षण देऊ शकत नाही.

पट्टा केवळ पुढच्यांसाठी असतो, ही समजूत अजून गेलेली नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागील आसनांवरील दोघांचा मृत्यू झाला. त्यांनी पट्टे बांधलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. गाडी उंची बनावटीची होती. सर्व साधने असून ती वापरली नाहीत, तर त्यांचा उपयोग होत नाही. मागच्या माणसाने पट्टा बांधला नसेल तर तो स्वतःला इजा करून घेतोच, शिवाय पुढच्याच्या पाठीवर आदळून त्यालाही धोक्यात आणतो.

कोणत्या सोयींना पैसे मोजावे?

एकाच गाडीचे चार-पाच नमुने असतात आणि सर्वांत साध्या व सर्वांत सजवलेल्या नमुन्याच्या किमतीत काही लाखांचे अंतर पडते. या पायऱ्यांवर चढताना प्रत्येक पायरीवर काय मिळते हे दोन याद्यांत मांडावे. पहिल्या यादीत नंतर बसवून घेता येणार नाही असे सर्व काही : अधिक एअरबॅग, घसरण रोखणारी यंत्रणा, मागचे वातानुकूलन, मागच्या काचेचा पुसणारा दांडा, आसनांची मागेपुढे सरकण्याची सोय. दुसऱ्या यादीत पुढेमागे बाजारातून आणता येईल असे : संगीताचे यंत्र, मागे पाहण्याचा कॅमेरा, आसनांची आच्छादने, सजावटीची चाके. पैसे बेताचे असतील तर ते पहिल्या यादीवर खर्चावेत. समोरच्या मोठ्या पडद्यासाठी वरचा नमुना घेणे आणि मागच्या गारव्याअभावी आजोबांनी प्रवास टाळणे, हा व्यवहार शहाणपणाचा म्हणता येणार नाही.

किंमत, कर्ज आणि चालू खर्च

जाहिरातीतील किंमत शोरूमची असते. तीत नोंदणीकर, विमा इत्यादी मिळवून जी रक्कम होते ती रस्त्यावरची, म्हणजे 'ऑन-रोड' किंमत. नोंदणीकर राज्याराज्यांत निराळा असल्याने हा आकडा आपल्याच गावाचा, लेखी घ्यावा. विमा विक्रेत्याकडूनच घेण्याचे बंधन नाही. दोन-तीन ठिकाणी विचारणा केल्यास बचत होते.

कर्जाच्या बाबतीत व्याजाचा दर कोणत्या पद्धतीचा आहे हे प्रथम विचारावे. समजा, आठ लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी आहे. उतरत्या शिलकेवर ९ टक्के दर असेल तर महिन्याचा हप्ता सुमारे १६,६०७ रुपये व एकूण व्याज सुमारे १ लाख ९६ हजार होते. दुसरा कोणी 'फक्त ६ टक्के' म्हणाला, पण तो दर मूळ रकमेवर सरसकट असेल, तर व्याज २ लाख ४० हजार होते. आकडा लहान असूनही बोजा मोठा! तसेच, ९ टक्क्यांचेच कर्ज सात वर्षांवर नेले तर हप्ता १२,८७१ रुपयांवर येतो, परंतु एकूण व्याज २ लाख ८१ हजारांवर जाते. हप्ता हलका झाला म्हणजे गाडी स्वस्त झाली असे नव्हे.

इंधनाचा हिशेबही असाच करावा. वर्षाला १२,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीने लिटरला १५ किलोमीटर दिले तर ८०० लिटर लागतात, २० दिले तर ६००. दोनशे लिटरच्या या बचतीसाठी खरेदीच्या वेळी किती अधिक मोजावे लागतात, ते पाहून निर्णय करावा. धावणे कमी असेल तर महागड्या इंजिनाची भरपाई होण्यास फार वर्षे लागतात.

आणखी एका खर्चाकडे दुर्लक्ष होते. या वर्गातील कित्येक गाड्या थोड्याच वर्षांत बाजारातून गेल्या : २०१४ ला आलेली होंडाची 'मोबिलिओ' २०१७ मध्ये बंद झाली, २०१५ ला आलेली रेनॉची 'लॉजी' २०२० मध्ये. गाडी चांगली असली तरी तिचे उत्पादन थांबल्यावर सुटे भाग मिळवण्यास वेळ लागू शकतो आणि विकताना किंमत उतरते. आपल्या गावाच्या पन्नास किलोमीटरच्या परिसरात सेवाकेंद्र आहे का, हा प्रश्न रंगाच्या निवडीपूर्वी विचारावा.

जुनी गाडी घेताना

ज्यांना नवी गाडी परवडत नाही त्यांच्यासाठी वापरलेली मोठी गाडी हा पर्याय विचारार्ह आहे. मात्र सात आसनी गाड्या प्रवासी वाहतुकीसही मोठ्या प्रमाणात लागतात. त्यामुळे ती पूर्वी भाड्याने धावली होती का, हे नोंदणीपुस्तकावरून तपासावे. कर्जाचा बोजा नोंदलेला असेल तर तो उतरवल्याचा दाखला मिळाल्याखेरीज पूर्ण पैसे देऊ नयेत. दिल्ली परिसरात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले आणि न्यायालयांच्या आदेशांनी ते वेळोवेळी बदलत गेले. गाडी जेथे चालवावयाची तेथील नियम आधी पाहावेत. ओळखीच्या मेकॅनिककडून तपासणी करून घेण्यासाठी येणारा खर्च हा विम्याच्या हप्त्यासारखा मानावा. आणि खासगी नोंदणीची गाडी अधूनमधून भाड्याने द्यावी, हा मोह टाळावा. तशा वेळी अपघात झाल्यास विम्याची भरपाई नाकारली जाऊ शकते.

समारोप

आता आपण आपल्या सात माणसांच्या कुटुंबाकडे परत येऊ. त्यांनी प्रथम एक वही घ्यावी आणि मागील वर्षभरात किती वेळा, किती माणसे, किती लांब गेली हे आठवून लिहावे. सातही माणसे वर्षातून दोनदाच निघत असतील, तर त्या दोन वेळा भाड्याची मोठी गाडी आणि एरवीसाठी पाच आसनांची चांगली, सुरक्षित मोटार हाच व्यवहार कदाचित अधिक किफायतीचा ठरेल. ती वारंवार निघत असतील, तर मोठी गाडी घ्यावी; मात्र आसनांची संख्या मोजून ती घेऊ नये.

आपल्याकडे पंक्तीत वाढताना शेवटच्या पानापर्यंत सर्व पदार्थ पोहोचले की नाही हे यजमान जातीने पाहतो. मोटारीच्या बाबतीतही कुटुंबप्रमुखाचे कर्तव्य यापेक्षा वेगळे नाही. गारवा, पट्टा, डोक्यामागचा आधार आणि पाय हलवण्यापुरती जागा शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत असतील, तर ती गाडी खऱ्या अर्थाने सात माणसांची. नसतील, तर ती पाच माणसांची गाडी आहे असे समजावे आणि तिची किंमतही त्याच हिशेबाने ठरवावी.